पुस्तक मिटायची जागा

पत्र आलं तेव्हा स्नेहलता हर्डीकर हिरव्या शालूवर ओला पंचा पसरून इस्त्री करत होती. शनिवारी ल्युबेकला कार्यक्रम होता. श्रीरंगनं कामावरून येता येता खालच्या पेटीतून लिफाफा आणला, टेबलावर टाकला आणि तो बूट काढायला बसला.

लिफाफा ब्रॉकमानसाहेबांच्या कचेरीचा होता. आत तीनच ओळी. "मजकुराचे लेखक श्री. रिसबूड यापुढे व्याख्यानं स्वतःच देणार आहेत. त्यामुळे वाचनासाठी आपली आवश्यकता उरलेली नाही. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार."

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत जळकट वास सुटला. इस्त्री पंचा जाळून शालूच्या पदरापर्यंत पोचली होती.

"अगं, इस्त्री!" श्रीरंग ओरडला.

"लेखक," स्नेहलता म्हणाली. "अहो, हा लेखक?"

तो १९६१चा ऑक्टोबर होता. इटलीच्या पलीकडे प्रवासाला जाण्याची ऐपत तेव्हा जर्मनीत थोड्यांचीच होती. उरलेल्यांची हौस ब्रॉकमानसाहेब भागवत. गावोगावच्या चर्चच्या दालनात पांढरी चादर टांगायची, यंत्रातून तिच्यावर रंगीत चित्रं पाडायची, आणि शेजारी एक माणूस उभा करून त्या देशाच्या गोष्टी सांगायच्या. ब्रॉकमानसाहेबांकडे जपान होता, पेरू होता, आणि गेली तीन वर्षं हिंदुस्थान म्हणजे स्नेहलता होती.

तिचं जर्मन मोडकंतोडकं. पुल्लिंगाला स्त्रीलिंग लावायची. पण चादरीवर नदीचा घाट उमटला की घाटावरचा नावाडी तिच्या गळ्यातून बोलू लागे. बाजार आला की कासारीण आणि गिऱ्हाईक यांचं भांडण ती एकटी दोन आवाजांत करायची. जर्मन बायका डोळे पुसेपर्यंत हसायच्या. सांगलीच्या नाटक कंपनीत आठ वर्षं काढलेली बाई ती. तंबूतल्या शेवटच्या चार आणेवाल्याला रडवायची सवय होती तिला. चाळीस खुर्च्यांचं दालन म्हणजे काय!

आणि हा श्यामकांत रिसबूड. पुण्याहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेला. पहिल्या थंडीत तो हर्डीकरांच्या दारात उभा राहिला तेव्हा अंगावर बापाचा ओव्हरकोट होता आणि दोन दिवस पावाशिवाय पोटात काही नव्हतं. तिनं त्याला पिठलंभात वाढला. पुढं दर रविवारी वाढला. मग तिनंच ब्रॉकमानसाहेबांना सांगून चित्रांचं यंत्र चालवायचं काम त्याला मिळवून दिलं. अंधारात यंत्रामागे बसून हा चित्रं सरकवायचा आणि वहीत लिहायचा.

"काय लिहितोस रे एवढं?"

"तुमचं लिंग सुधारतो, वहिनी. आल्झो, म्हणजे टाइप करून ठेवतो. व्यवस्थित असलेलं बरं."

टाइप केलेल्या कागदांच्या तळाशी त्यानं नाव कुणाचं घातलं, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या तोंडचे शब्द कुणी आपल्यापासून नेऊ शकतं हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खोलीवर गेली. त्यानं आत बोलावलं नाही. दारातच उभा राहिला.

"वहिनी, चिडू नका. तुम्ही नुसतं बोलत होता. लिहिलं मी. ज्याचं लिखाण त्याचे शब्द. तुम्ही म्हणजे…" तो योग्य शब्द शोधत थांबला, "तोंड होता. गेनाऊ, अगदी बरोबर. तोंड."

ती जिना उतरली. ट्राममध्ये बसली आणि घरी आली. जळक्या पदराचा शालू तिनं घडी घालून कपाटात ठेवला. फेकला नाही.

त्या आठवड्यात तिला आत्मारामपंत आठवले.

आत्मारामपंत कंपनीचे प्रॉम्प्टर. अंगानं काडी, आवाज रेशमाचा. नाटकाचं पुस्तक छातीशी धरून विंगेत उभे राहायचे आणि नटाला पुढचं वाक्य पुरवायचे. त्यांचा शब्द नटाच्या कानात पडायचा, पण त्याच नटाला खेटून उभा असलेल्याला ऐकू यायचा नाही. त्या काळी मोठे नट पाठांतर करत नसत. पाठांतर लहानांनी करायचं. मोठ्यांनी प्रॉम्प्टरवर काम करायचं, त्यातच त्यांचा मोठेपणा. एकदा कंपनीच्या मुख्य नटानं सगळ्यांच्या देखत आत्मारामपंतांच्या हातातला चहाचा कप उडवला. पंतांनी फुटका कप गोळा केला. बार्शीच्या मुक्कामी, तिसऱ्या अंकात, मुख्य नट सिंहासनावरून उठून भाषणाला उभा राहिला आणि पंतांनी पुस्तक मिटलं. एवढंच. तो धिप्पाड माणूस मासळीसारखी तोंडाची उघडझाप करत उभा राहिला. लोकांनी आधी टाळ्या दिल्या, मग हशा, मग शेंगांची टरफलं.

पंत नंतर स्नेहलतेला म्हणाले होते, "पोरी, नटाला मारायला सुरी लागत नाही. पुस्तक मिटायचं. पण जन्मात एकदाच."

तिनं जन्मात अजून एकदाही मिटलं नव्हतं.

नोव्हेंबरात तिनं जाहीर केलं की हॅम्बर्गात मराठी नाटक करायचं. गावात मराठी माणसं सगळी मिळून तेवीस. बंदरात शिकाऊ म्हणून आलेले, विद्यापीठातले, त्यांतल्या पाचसहांच्या बायका. वर्षभर एकमेकांना ट्रामच्या खिडकीतून हात करण्यापलीकडे गाठ नाही. तिनं सगळ्यांना चिठ्ठ्या पाठवल्या: शनिवारी दुपारी बटाटेवडे आणि नाटकाचं वाचन. वड्यांसाठी एकोणीस जण आले. वाचनाला एकोणीसही थांबले.

नाटक तिनं स्वतः लिहिलं होतं, रुळाच्या वहीत, पेन्सिलीनं. एक किल्लेदार आहे. त्याचा सख्खा धाकटा भाऊ फितुरीत सापडतो. किल्लेदारानं न्याय करायचा. भावजय पदर पसरते. तिसऱ्या अंकात किल्लेदाराचं अडीच पानांचं भाषण, आणि त्याच्या शेवटच्या वाक्यावर भावजयीचं उत्तर. अडीच पानं! लिहिताना ती मुद्दाम वाढवत गेली होती. असे शब्द, अशी वळणं, की आपल्या आवाजावर भाळलेल्या माणसाला ते सोडवू नये.

किल्लेदाराचं काम तिनं श्यामकांतला दिलं.

"अगं, वेड लागलंय का तुला?" त्या संध्याकाळी श्रीरंग म्हणाला. "त्यानं तुझ्या पोटावर पाय दिला आणि तू त्याच्या डोक्यावर पागोटं ठेवतेस?"

"रूपानं शोभतो, अहो."

"स्नेहा, मी बोटीची इंजिनं दुरुस्त करतो. वाफ कोंडली की मला आवाजावरून कळतं."

"मग लांब उभे राहा," ती म्हणाली.

श्यामकांत आला तो केकचं खोकं घेऊन. "मला वाटलं, वहिनी रागावल्या असतील."

"छे रे. आपल्या माणसावर कसला राग?"

तो सुटकेनं हसला, आणि हसला तसाच अडकला. त्याच दिवशी तिनं त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, तू पाठ करत बसू नकोस. तुझा प्रबंध आहे. मोठ्या नटांनी कुठं पाठ केलंय? विंगेकडे एक कान ठेवायचा, वाक्य घ्यायचं आणि आपलं करून फेकायचं. लेखक माणूस तू. तुला काय अवघड?"

"गेनाऊ," श्यामकांत म्हणाला.

तालमींत तिनं त्याला असा पुरवला, असा पुरवला की आत्मारामपंतांना अभिमान वाटला असता. तो अर्ध्या श्वासावर आला की वाक्य हजर. हळूहळू त्याला वाटू लागलं की ती वाक्यं आपल्यालाच सुचतात. इतरांवर मात्र ती पाठांतरासाठी खेकसायची. एखादा चुकला की वडा बंद. वहीत, भाषणाच्या चौथ्या वाक्यानंतर, तिनं लाल पेन्सिलीनं एक आडवी रेघ ओढून ठेवली. पुस्तक मिटायची जागा.

रोज निजण्यापूर्वी ती त्या रेघेवर बोट फिरवायची. मग झोप छान लागायची.

पण नाटक ही चीज वाईट असते. ती सुरू करणाऱ्याचं ऐकत नाही.

घरमालकीण फ्राउ पेटर्सन पहिल्या शनिवारी खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकत होती. तिसऱ्या शनिवारी भांडायला म्हणून वर आली, बंदरातला शिकाऊ दिनकर साठे साठीतला कारभारी होऊन काठी टेकत चालत होता ते पाहून खुर्चीत बसली, आणि पाचव्या शनिवारी आपल्या मेलेल्या नवऱ्याचा जुना मखमली पडदा घेऊन आली. त्याचा रंगमंचाचा पडदा झाला, उरलेल्याचे अंगरखे. चर्चच्या दालनासाठी पाद्रीबाईंकडे शब्द तिनंच टाकला. जहाजबांधणीच्या कारखान्यातली पोरं लाकडाचा बुरूज करू लागली. श्रीरंगनं मोडीत निघालेल्या बोटीची पितळी घंटा मिळवली. तिसऱ्या घंटेचा तसा नाद सांगलीतही नव्हता.

आणि सुधा.

सुधा भास्कर निमकरची बायको. वाईहून लग्न करून आलेली, वीस वर्षांची. भास्कर पाळीवर गेला की आल्टोना भागातल्या एका खोलीत ती दिवस दिवस खिडकीशी बसून राही. दुकानात जायची भीती, ट्रामची भीती. भास्करनं तिला पहिल्यांदा आणलं तेव्हा तो अवघडून म्हणाला, "वहिनी, काम नका देऊ, नुसती बसू दे. चार महिन्यांत तिचा आवाज माझ्याशिवाय कुणी ऐकला नाहीये."

स्नेहलतेनं तिला भावजय केलं. कारण खरं सांगायचं तर दुसरं कुणी त्या वयाचं नव्हतं. पोरगी उभी राहिली आणि वाक्य तोंडातल्या तोंडात पुटपुटली.

"कुणाशी बोलतेस?"

"त्यांच्याशी… भावजींशी."

"नाही. ती बघ, कोपऱ्यातली शेवटची खुर्ची. तिच्यावर एक म्हातारी बसलीये. बहिरी आहे. चार आणे मोजून आलीये. तिच्याशी बोल."

सुधा हसली. पुढच्या शनिवारी म्हातारीला थोडं ऐकू आलं. एप्रिलमध्ये फ्राउ पेटर्सननं खालून ओरडून सांगितलं की ऐकू येतंय. जूनमध्ये सुधा एकटी ट्रामनं आली, आणि दारातूनच म्हणाली, "वहिनी, कंडक्टरनं तिकीट चुकीचं दिलं. मी भांडले! जर्मनमध्ये! माझं सगळं चुकलं, पण तिकीट बदलून घेतलं."

स्नेहलतेनं त्या पोरीला जवळ घेतलं. त्या रात्री वहीतली लाल रेघ तिला पहिल्यांदा बोचली. त्या रेघेपलीकडे किल्लेदाराचं शेवटचं वाक्य होतं, आणि त्या वाक्यावर सुधाचं उत्तर टांगलेलं होतं. किल्लेदार मुका झाला तर सुधा गुडघ्यावर बसलेलीच राहणार होती, सगळ्यांच्या समोर.

तिनं वही मिटून उशाखाली ठेवली. राग मात्र मिटेना. ल्युबेकला श्यामकांतनं कासारणीचं भांडण करून दाखवलं, लोक खूप हसले, अशी बातमी दिनकरनं आणली होती. माझी कासारीण. माझ्या आजोळची कासारीण, माझ्या आईच्या हातात बांगड्या भरणारी. तिचा आवाज हा चोरून नेतो आणि ल्युबेकला विकतो.

प्रयोग दसऱ्याच्या सुमाराला, रविवारी दुपारी तीनला ठरला. ब्रॉकमानसाहेबांना तिनं स्वतः आमंत्रण लिहिलं: "आपले लेखक प्रमुख भूमिकेत आहेत. अवश्य यावे."

ते आले. पहिल्या रांगेत मधोमध बसले, गुडघ्यांवर हॅट. ऐंशी खुर्च्या भरल्या. अर्धे आपले, त्यांतही बंगाली-गुजराती धरून. अर्धे जर्मन, मालकिणी आणि कारखान्यातले सोबती, हातात कथेचा सारांश छापलेला कागद. श्रीरंगच्या एका बोटीवरून आलेला नारळ पायरीवर फुटला. पाद्रीबाईंनी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि विचारलं की हा गिळायचा असतो का.

विंगेत स्नेहलता तोच हिरवा शालू नेसून उभी होती. जळका पदर मुद्दाम वर काढलेला. इस्त्रीचा तपकिरी डाग छातीवर, एखाद्या पदकासारखा.

दोन अंक उत्तम झाले. दिनकरनं टाळी घेतली. श्यामकांत वाक्यं झेलत होता, फेकत होता. चेहरा देखणा, पागोटं ऐटबाज, मिशी जागच्या जागी.

मध्यंतरात सुधा आली. हात पुढे केले. बर्फ. "वहिनी, त्या भाषणानंतर माझं वाक्य. तुम्ही असाल ना?"

"असेन."

"शपथ?"

"अगं, मी कुठं जाणार आहे?"

सुधा पाणी प्यायला गेली. स्नेहलतेनं पुस्तक उघडून लाल रेघेकडे पाहिलं आणि मनाशी म्हणाली, जाऊ दे. पोरीसाठी जाऊ दे. एवढं विष पचवू.

तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून आवाज आला. किल्लेदाराच्या पोशाखातच श्यामकांत ब्रॉकमानसाहेबांजवळ उभा होता.

"फारच परिणामकारक, श्री. रिसबूड," ब्रॉकमान म्हणत होते. "हेही लेखन आपलंच?"

"आल्झो," श्यामकांत म्हणाला. "बऱ्याच अंशी. फ्राउ हर्डीकर तालमी बघतात. विंगेतून वाचून मदत करतात."

ती त्या पडद्याला हात टेकून क्षणभर उभी राहिली. मखमल होती ती, फ्राउ पेटर्सनच्या मेलेल्या नवऱ्याची. मग तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि श्रीरंगला खूण केली. घंटा वाजली.

तिसऱ्या अंकात बुरुजावर किल्लेदार. खाली गुडघ्यावर भावजय. श्यामकांतनं पहिली चार वाक्यं घेतली. चौथं वाक्य झालं. त्यानं तालमीत बसवलेला तो भारदस्त विराम घेतला, मान किंचित डावीकडे कलवली, कान विंगेकडे.

स्नेहलतेनं पुस्तक मिटलं.

एकदम शांतता झाली. सुरुवातीला ती छान वाटली, लोकांना वाटलं हा अभिनय. श्यामकांतनंही वाटून घेतलं. मग त्यानं मान आणखी एक इंच कलवली. ओठ हलले. मिशीच्या कडेनं घाम उतरला. त्यानं विंगेत पाहिलं, सरळ पाहिलं, आणि त्याला मिटलेलं पुस्तक दिसलं. पदरावरचा तो डागही दिसला.

त्याला कळलं. अगदी तळापर्यंत कळलं. स्नेहलतेच्या अंगावरून वर्षभराचं ओझं उतरलं. हे. हेच हवं होतं. आता बोल, लेखका. तोंड इथं आहे. तुझे शब्द काढ.

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. खुर्ची करकरली.

आणि मग सुधाचे डोळे वळले. किल्लेदाराकडे नाही, विंगेकडे. ती घाबरलेली नव्हती. ती थांबली होती. वहिनी आहेत, वाक्य येईल, मग आपण बोलू, एवढ्या भरवशानं ती पोरगी गुडघ्यावर थांबली होती.

रंगभूमीवरचे पाच श्वास फार मोठे असतात. स्नेहलतेनं चार घेतले. पाचवा तिनं पोटातून घेतला, सांगलीच्या तंबूत घ्यायची तसा. पुस्तक उघडलं नाही. त्याची गरज तिला कधीच नव्हती.

"गडकऱ्यांनो!" ती म्हणाली. कुजबुजली नाही. बहिऱ्या म्हातारीला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाली. "ज्या हातानं मी त्याला चालायला शिकवलं, तोच हात आज वर उचलतो आहे!"

दालन दचकलं. ऐंशी माना डाव्या विंगेकडे वळल्या. श्यामकांत विंगेकडून लोकांकडे वळला.

"गडकऱ्यांनो," तो म्हणाला. "ज्या हातानं मी त्याला… चालायला…"

"शिकवलं!" विंग म्हणाली.

"शिकवलं."

हशा फुटला. आधी मराठी रांगांत, मग जर्मनांत. शब्द कळले नाहीत तरी आवाज आधी कुठून येतो आणि मागून कुठून येतो, ते कळायला भाषा कशाला लागते? ब्रॉकमानसाहेबांनी हॅट खुर्चीखाली ठेवली आणि पुढे झुकून विंगेकडे पाहिलं. तो आवाज त्यांनी तीन वर्षं ऐकलेला होता.

ती पुढचं वाक्य बोलली. तो मागून बोलला. एकदा त्यानं तिच्या आधी धावायचा प्रयत्न केला, अर्ध्या वाटेत वाक्य त्याच्या हातात मोडलं, आणि त्याला पुन्हा मान कलवून उभं राहावं लागलं. तिनं त्याला थांबवून ठेवलं. मग दिलं. अडीच पानं! अडीच पानं तिनं त्याला अशी चालवली, बोट धरून, सगळ्या गावासमोर. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हशा ओसरला. कारण भाषण चांगलं होतं. विंगेतला किल्लेदार भावासाठी रडू लागला होता, आणि बुरुजावरचा त्याच्यामागून पुटपुटत होता. लोक विंगेतल्याचं ऐकत होते.

शेवटचं वाक्य मात्र तिनं अगदी हळू दिलं. आत्मारामपंतांसारखं, रेशमाचं. ते श्यामकांतचं एकट्याचं झालं, कारण त्याच्यावर सुधाचं उत्तर उभं राहायचं होतं.

सुधा उठली. शेवटच्या खुर्चीकडे बघितलं आणि बोलली.

त्या दुपारची सर्वांत मोठी टाळी तिला पडली. भास्कर निमकर बुरुजामागे फळी धरून उभा होता, तो फळी सोडून टाळ्या वाजवू लागला आणि बुरूज हलला.

पडदा पडल्यावर ब्रॉकमानसाहेब आत आले. "फ्राउ हर्डीकर, मला आपली भाषा येत नाही. पण आधी कोण बोललं ते मी ऐकलं." त्यांनी हॅट हातात फिरवली. "ल्युबेकच्या लोकांनी आपल्याबद्दल विचारलं होतं. आपण पुन्हा याल का?"

कोपऱ्यात श्यामकांत मिशी सोलत होता. गोंद ओढून ओठ लाल झाला होता.

"लेखकांना विचारा," स्नेहलता म्हणाली. "मी नुसतं तोंड. शब्द त्यांचे आहेत ना? आपणच मला तसं लिहून कळवलंत."

ब्रॉकमाननी श्यामकांतकडे पाहिलं. श्यामकांतनं जमिनीकडे. साहेबांनी हॅट घातली. पुढच्या महिन्याभरात त्यांची आणखी तीन पत्रं आली, पहिल्यापेक्षा दुसरं नम्र, दुसऱ्यापेक्षा तिसरं. एकाचंही तिनं उत्तर दिलं नाही. "अगं, काम तुझ्या आवडीचं होतं," श्रीरंग म्हणाला. "होतं," ती म्हणाली. तिचे शनिवार आता मोकळे नव्हते. त्या हिवाळ्यात ब्रॉकमानसाहेबांच्या यादीतून हिंदुस्थान गेला.

पुढच्या शनिवारी दारावर टकटक झाली. श्यामकांत. या वेळी केक नव्हता.

"वहिनी, चुकलं."

"हो. चुकलंच."

तो उभा राहिला. आत नव्या नाटकाचं वाचन चाललं होतं, वड्यांचा वास येत होता. त्याचे डोळे तिकडे जात होते. या परक्या गावात त्याला दुसरं कुठलं घर नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिनं त्याला बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं.

"मला काही काम असेल तर…"

"आहे. पडदा."

"पडदा?"

"दोरी ओढायची. तोंडानं काही करायचं नाही."

त्यानं पाच वर्षं पडदा ओढला. सुधानं तोवर दोन नायिका केल्या, एका मुलीला जन्म दिला आणि नव्या आलेल्या बायकांना शेवटच्या खुर्चीवरच्या बहिऱ्या म्हातारीशी बोलायला शिकवू लागली. श्यामकांत डॉक्टर झाला. डॉक्टर रिसबूड येत, कोट खुंटीला लावत, बाह्या दुमडत आणि दोरीशी उभे राहत. स्नेहलता त्याच्याशी गोड बोलत नसे, वाईटही बोलत नसे. पण दर प्रयोगाला तिसऱ्या घंटेच्या आधी जळक्या पदराचा शालू नेसून त्याच्या समोरून एकदा जायची. न चुकता.

१९६७मध्ये किल्लेदाराचं नाटक पुन्हा लावलं. श्यामकांतला झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली होती. हा त्याचा शेवटचा प्रयोग. आणि दुपारी दोन वाजता निरोप आला की किल्लेदार करणारा दिनकर साठे तापानं फणफणला आहे, उठवत नाही.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. दोरीपाशी हालचाल झाली.

"वहिनी," श्यामकांत म्हणाला. "मला येतं. सगळं. पाठ आहे."

खोटं नव्हतं ते. तालमींत दोरीशी उभं राहून त्याचे ओठ हलताना तिनं पाहिले होते. बहुतेक तो अडीच पानं झोपेतही म्हणत असणार. सुधा पुढं झाली. "वहिनी, द्या ना आता. पाच वर्षं झाली."

स्नेहलतेनं त्याच्याकडे पाहिलं. केस विरळ झाले होते. डोळ्यांत अशी आशा होती की दुसऱ्या कुणालाही पाझर फुटला असता.

"मिशी आण इकडे," ती म्हणाली.

त्यानं मिशी आणली. तिनं ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या ओठांवर चिकटवली. पागोटं डोक्यावर ठेवलं. पंचावन्न वर्षांची बाई आरशात वळली आणि किल्लेदार झाली.

"दोरी भास्कर ओढेल. तू हे धर." तिनं रुळाची वही त्याच्या हातात दिली. "विंगेत उभा राहा. मी अडले तर सांग."

तिसऱ्या अंकात ती बुरुजावर उभी राहिली. चार वाक्यं झाली. लाल रेघ आली. भाषण तिनं स्वतः लिहिलेलं होतं, तिच्या रक्तात होतं. पण ती थांबली. मान किंचित डावीकडे कलवली. आणि वाट पाहिली.

एक श्वास. तिला विंगेतला त्याचा चेहरा दिसत होता, हातातली वही दिसत होती. त्यानं खाली पाहिलं. ती रेघ त्यालाही दिसली असणार. अजून तशीच लाल होती. आपल्यासाठीच ओढलेली, हे न समजण्याइतका तो मूर्ख नव्हता. त्यानं मान वर केली. दोघांची नजर मिळाली. मीट, ती मनात म्हणाली. मीट, म्हणजे मला आयुष्यभर तुझा धिक्कार करता येईल.

दुसरा श्वास. आणि वाक्य आलं. हळू, नेमकं, रेशमाचं. तिच्या कानापर्यंत आलं आणि तिथंच संपलं. पायाशी बसलेल्या सुधालाही ऐकू गेलं नाही.

"गडकऱ्यांनो!" स्नेहलता म्हणाली.

प्रयोग तुफान झाला. श्यामकांतनं वही परत दिली, वाकून नमस्कार केला आणि सामान बांधायला गेला. तिनं आशीर्वाद दिला, कारण वाकलेल्याला तो द्यावाच लागतो.

घरी येताना ट्राममध्ये ती खिडकीशी बसली. वरच्या ओठावर गोंदाची खाज सुटली होती. श्रीरंगच्या मांडीवर पितळी घंटा होती.

"झालं ना आता समाधान?" त्यानं विचारलं.

"अहो, त्यानं मिटायला हवं होतं."

"काय?"

"पुस्तक. मेल्यानं मिटलं नाही." तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. "हे मी त्याला जन्मात माफ करणार नाही."